मान आहे, हात कमी पडतात

म्हातारपण आणि त्याचा सांभाळ याविषयी आलेल्या पत्रांतले चार प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. एक पत्र थेट आफ्रिकेची गोष्ट काढतं. बाकीची तीन देवळी, हिंगणघाट आणि सेलूच्या घरांतून आलेली आहेत. उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत, म्हणून सलग वाचावीत.

प्रश्न १ : माझा भाचा नैरोबीत नोकरीला आहे. तो म्हणतो, आफ्रिकेत म्हाताऱ्या माणसांना फार मान असतो. वृद्धाश्रम ही गोष्टच तिथे नाही. आपल्याकडे मात्र गांधी-विनोबांच्या वर्धा जिल्ह्यातही लोक वृद्धाश्रमाची चौकशी करू लागलेत. त्यांना जमतं ते आपल्याला का जमत नाही?
— एक वाचक, आर्वी

उत्तर : भाच्याने पाहिलं ते खोटं नाही, पण अर्धं आहे. आफ्रिकेत ५४ देश आहेत. मॉरिशसमधलं म्हातारपण आणि घानाच्या खेड्यातलं म्हातारपण एका मापाने मोजता येणार नाही. तरी एक गोष्ट पुष्कळ ठिकाणी आढळते : चारचौघांत ज्येष्ठांच्या शब्दाला वजन असतं. लग्नाची बोलणी, जमिनीचा तंटा, गावची बैठक, सगळीकडे पिकल्या केसांना आधी बोलू देतात.

हा मान रोजच्या जगण्यात किती कामी येतो, हे श्याक फान डेर गेस्ट या डच मानववंशशास्त्रज्ञाने जवळून पाहिलं. १९९४ पासून ते घानातल्या क्वाहू-ताफो या गावी जाऊन म्हाताऱ्यांशी बोलत राहिले. त्यांना जे दिसलं ते आपल्याला ओळखीचं वाटेल. येणारा-जाणारा अदबीने विचारपूस करतो, पण बसायला कोणाला वेळ नसतो. ज्याने उमेदीत घर बांधलं, मुलांना शिकवलं, त्याच्याकडे मुलांचं लक्ष असतं. ज्या बापाने बायकामुलांकडे पाठ फिरवली, त्याची म्हातारपणी आबाळ होते. मुलं सरळ सांगतात, त्यांनी आमच्यासाठी काय केलं? आणि हेच माणूस गेलं की अंत्यविधीला मंडप, वाजंत्री, शेकडो पाहुणे. घानातले अंत्यविधी त्यांच्या थाटासाठी प्रसिद्धच आहेत. आपल्याकडच्या तेरवीचा हिशेब ज्यांनी केला आहे, त्यांना याचं नवल वाटणार नाही.

आता आकड्यांकडे पाहू. आफ्रिका हा जगातला सर्वांत तरुण खंड. तिथली निम्म्याहून अधिक माणसं विशीच्या आतली. तरीही सहाराच्या दक्षिणेकडच्या देशांत साठीपुढची माणसं २०१५ साली साडेचार कोटींच्या आसपास होती, ती २०५० पर्यंत सोळा कोटींच्या घरात जातील, असा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज आहे. म्हाताऱ्यांना मुलं भरपूर आहेत, चार-चार, पाच-पाच. पण ती नैरोबीत, लागोसला, जोहान्सबर्गला. केनियात २००७ साली एम-पेसा ही मोबाइलवरून पैसे पाठवायची सोय सुरू झाली, तेव्हापासून गावातल्या आईच्या फोनवर शहरातून पैसे मिनिटभरात पोचतात. पाणी भरायला, दवाखान्यात न्यायला, आजारपणात रात्री उशाशी बसायला मात्र माणूसच लागतं.

त्यामुळे वृद्धाश्रम तिथेही आले. केनियात ते बहुतेक चर्चच्या आधाराने चालतात. दक्षिण आफ्रिकेत पूर्वीपासून होते, पण वर्णभेदाच्या काळात ते मुख्यतः गोऱ्यांसाठी. इथिओपियाच्या राजधानीत, अदिस अबाबात, मेकेडोनिया नावाची संस्था रस्त्यावर पडलेल्या वृद्धांना उचलून आणते आणि लोकांच्या देणग्यांवर त्यांना सांभाळते. घानाच्या शहरांत घरी येऊन वृद्धांचं करणाऱ्या पगारी मुली पुरवणाऱ्या एजन्सी निघाल्या आहेत. कॅटी को या अभ्यासिकेने त्यांच्यावर सविस्तर लिहिलं आहे. या मुलींचा पगार पुष्कळदा परदेशातली मुलं भरतात.

मानाची एक काळी बाजूही आहे. केनियाच्या किनाऱ्यावरच्या किलिफी भागात चेटूक करतो असा आळ घेऊन म्हाताऱ्या माणसांना मारल्याच्या घटना वर्षानुवर्षं घडत आल्या आहेत. बऱ्याच वेळा आळ चेटकाचा आणि डोळा जमिनीवर असतो. काही म्हातारे भीतीपोटी केस काळे करतात. घानाच्या उत्तरेला गाम्बागा इथे अशा आळातून वाचलेल्या बायकांची वस्तीच आहे. आपण यावर नाक मुरडू नये. महाराष्ट्राला २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला, तो उगाच नव्हे.

आता आर्वीकडे या. एखाद्या घरची दोन मुलं पुण्याला, एक चाकणला आणि एक हिंजवडीला. पोळ्याला येतात, महालक्ष्म्यांना येतात, आल्या आल्या पाया पडतात. महिन्याचे पैसे फोनवर येतात. मान कुठेही कमी झालेला नाही. पण बाबांना मोतीबिंदूसाठी सेवाग्रामला न्यायचं, तर एसटीत चढवणारा हात कोणाचा? जुन्या घरात हा हात सुनेचा असे, नाही तर धाकट्या मुलीचा, नाही तर शाळा सुटलेल्या नातीचा. त्याला कोणी काम म्हणत नसे, त्याचे पैसे कोणी मोजत नसे. आज नात कॉलेजला जाते, सून नोकरी करते, आणि हे चांगलंच झालं आहे. महाराष्ट्रात एका बाईमागे सरासरी दोनही मुलं होत नाहीत, तेव्हा हात आणखी कमी होणार. नैरोबीत असो की आर्वीत, माया आटली असं धरून चालण्याआधी हे काम पूर्वी कोण करत होतं आणि आता ते माणूस कुठे आहे, एवढं विचारून पाहावं. बरंचसं उत्तर तिथेच मिळतं.

प्रश्न २ : आमच्या शेजारच्या आजी सत्तरीच्या आहेत. मुलाने कर्जापायी जीव दिला. सून दिवसभर मजुरीला जाते, दोन नातवंडांचं सगळं आजीच करतात. येणारा प्रत्येक जण म्हणतो, “आता आजीला कोण सांभाळेल?” मला तर आजीच सगळ्यांना सांभाळताना दिसतात. माझं काही चुकतं आहे का?
— एक वाचक, देवळी

उत्तर : तुमचं अजिबात चुकत नाही. म्हातारं माणूस म्हणजे सांभाळायचं ओझं, ही समजूत ज्या प्रदेशाने सर्वांत जोराने खोटी पाडली तो आफ्रिकाच.

एड्सच्या साथीने १९९० च्या दशकात आणि त्यानंतर पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेतली कमावती, मधली पिढी कापून नेली. घरात उरले ते आजी-आजोबा आणि नातवंडं. टांझानियाच्या कागेरा भागात असं घर शोधावं लागत नव्हतं. तिथे २००३ साली ‘क्वा वाझे’ नावाचं काम सुरू झालं. त्यांनी अनाथालय बांधलं नाही. नातवंडं सांभाळणाऱ्या आजीच्या हातात दर महिन्याला थोडी रोख रक्कम द्यायला सुरुवात केली. हिशेब साधा होता : आजी टिकली की लेकरं टिकतात.

हाच हिशेब दक्षिण आफ्रिकेत मोठ्या प्रमाणावर पाहायला मिळाला. तिथलं वृद्धापकाळाचं सरकारी पेन्शन १९२८ पासूनचं. काळ्या नागरिकांना ते १९४४ साली लागू झालं, पण रक्कम तुटपुंजी. गोऱ्यांएवढी रक्कम मिळायला १९९३ उजाडावं लागलं. त्या वाढीनंतरच्या घरांचा अभ्यास एस्थर डुफ्लो यांनी केला (त्यांना पुढे २०१९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं). ज्या घरात पेन्शन आजीच्या हातात पडलं, तिथल्या नातींची अंगलट सुधारलेली दिसली, वजन-उंचीत फरक पडलेला दिसला. आजोबांच्या पेन्शनचा तसा परिणाम आढळला नाही. आज तिथलं पेन्शन दोन हजार रँडच्या वर आहे, म्हणजे आपल्या हिशेबाने महिन्याला दहा हजार रुपयांहून जास्त. मॉरिशसने तर १९५८ सालीच सर्व वृद्धांना सरसकट पेन्शन सुरू केलं. केनियाने २०१८ पासून सत्तरीपुढच्यांना महिन्याला दोन हजार शिलिंग द्यायला सुरुवात केली.

आपल्याकडे मधली पिढी रोगाने नेली नाही. पण कर्जाने आणि नापिकीने किती घरांतून कर्ता माणूस नेला, हे वर्ध्याला सांगायला नको. २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भाच्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं, त्यांत अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशिम यांच्या जोडीला वर्धा होता. त्या पॅकेजमध्ये व्याजमाफी होती, सिंचन होतं, बियाणं होतं. ज्या सपरीत आता फक्त आजी आणि नातवंडं बसली आहेत, तिच्यासाठी वेगळं काही नव्हतं.

आजीसाठी जे आहे ते श्रावणबाळ योजनेचं निवृत्तिवेतन, गावच्या बोलीत ‘निराधारचे पैसे’. वय ६५, रक्कम महिन्याला १,५०० रुपये. अट अशी की कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत हवं. बाराने भागा : महिन्याला १,७५० रुपये. ज्या घरात एक बाई महिन्यातले दहा दिवस जरी निंदणाला गेली, ते घर खरं बोललं तर या मर्यादेबाहेर जातं. म्हणजे दाखला मिळवायचा तर आधी खोटं बोला, असं आपण सत्तरीच्या माणसाला शिकवतो. केंद्र सरकारचा यातला वाटा साठ ते ७९ वयाच्यांसाठी दीड दशकाहून जास्त काळ २०० रुपयांवरच थांबला आहे.

पैसे जमा झाल्याची बातमी गावात आली की दुसऱ्या दिवशी बँकेसमोर काय चालतं ते पाहावं. शटर उघडायच्या आधीच पायरीवर बाया बसलेल्या असतात. कोणी पिशवीत पासबुक प्लास्टिकमध्ये गुंडाळून आणलेलं, कोणी नातवाला शाळा बुडवून सोबत आणलेलं. यंत्रावर अंगठा ठेवायचा. चाळीस वर्षं कापूस वेचून आणि राखेने भांडी घासून बोटांच्या रेषा पुसट झालेल्या. यंत्र म्हणतं, जुळत नाही. मग पदराने बोट पुसायचं, थोडं ओलं करायचं, दुसरं बोट लावायचं. तरी जुळलं नाही तर “आजी, उद्या या.” उद्या यायचं म्हणजे आणखी एक खेप. पंचाहत्तरीपुढच्यांना २०२२ पासून एसटी मोफत आहे आणि बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट, एवढाच काय तो दिलासा.

तुमच्या शेजारच्या आजींसाठी दोन कामं लगेच करा. तहसीलमधून किंवा सेतू केंद्रातून श्रावणबाळचा अर्ज भरला आहे का, ते बघा. आणि वडील गमावलेल्या मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे. तिच्यात प्रत्येक मुलामागे महिन्याला २,२५० रुपये मिळतात. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात होतो. आजी सांभाळते आहे, हे तुम्ही ओळखलंत. तिच्या हातात चार पैसे पडले तर तिला ते नीट करता येईल.

प्रश्न ३ : आईला वृद्धाश्रमात ठेवणं आम्हाला पाप वाटतं. पण पवनारच्या आश्रमात, दत्तपूरला, वरोऱ्याच्या आनंदवनात माणसं घराबाहेरच म्हातारी होतात आणि त्याला कोणी नावं ठेवत नाही. हा फरक कशामुळे?
— एक वाचक, हिंगणघाट

उत्तर : प्रश्न मोलाचा आहे, आणि तो वर्धा जिल्ह्यातूनच यावा हेही योग्य. रक्ताचं नातं नसलेल्या माणसांनी एकत्र राहून एकमेकांचं करायचं, हा प्रयोग इथे जेवढ्या चिकाटीने झाला तेवढा क्वचितच कुठे झाला असेल.

गंमत अशी की त्याचं मूळ आफ्रिकेतच आहे. डर्बनला वकिली करत असताना गांधीजींच्या दारी एक कुष्ठरोगी आला. त्यांनी त्याला घरात घेऊन त्याच्या जखमा धुतल्या. पुढे १९०४ साली डर्बनजवळ फिनिक्स वसाहत आणि १९१० साली जोहान्सबर्गजवळ टॉलस्टॉय फार्म उभं राहिलं : एक स्वयंपाकघर, सगळ्यांना अंगमेहनत, आजाऱ्याचं सगळ्यांनी मिळून करायचं. १९३६ साली गांधीजी सेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला आले तेव्हा ही रीत त्यांच्यासोबत आली. कुष्ठरोगाने ग्रासलेले संस्कृत पंडित परचुरेशास्त्री आश्रमात आले, तेव्हा गांधीजी स्वतः त्यांना मालिश करत. परचुरे कुटी आजही तिथे पाहता येते.

त्याच १९३६ साली विनोबांच्या प्रेरणेने मनोहरजी दिवाण यांनी दत्तपूरला कुष्ठरोग्यांसाठी काम सुरू केलं. रोग बरा झाला तरी घरचे परत घेत नसत, म्हणून कित्येक जण तिथेच राहिले, तिथेच शेती-विणकाम करत म्हातारे झाले. तुमच्या हिंगणघाटलाच जन्मलेल्या बाबा आमट्यांनी १९४९ साली वरोऱ्याजवळ आनंदवन काढलं. तिथे पुढे वृद्धांसाठी ‘उत्तरायण’ आणि म्हाताऱ्या झालेल्या कुष्ठमुक्तांसाठी ‘स्नेहसावली’ झाली. पवनारला धाम नदीकाठी विनोबांनी १९५९ साली ब्रह्मविद्या मंदिर सुरू केलं. विशी-तिशीत आलेल्या बहिणी तिथेच वृद्ध झाल्या. त्या संस्थेला प्रमुख नाही, निर्णय सर्वांच्या संमतीने होतात, आणि आजारी बहिणीचं करणं हे रोजच्या कामांतलंच एक काम आहे. विनोबांनी स्वतः १५ नोव्हेंबर १९८२ रोजी, अन्न आणि औषध सोडून, त्याच जागी देह ठेवला.

आता फरक पाहा. या ठिकाणी माणूस कोणाच्या तरी सोबतीने, स्वतःच्या कामासह म्हातारा होतो. त्याला तिथे कोणी आणून सोडलेलं नसतं. झेपेल तोवर तो भाजी निवडतो, सूत काततो, झाडांना पाणी घालतो, आणि आजूबाजूला सगळ्या वयांची माणसं असतात. नेहमीच्या वृद्धाश्रमात सगळे एकाच वयाचे, हातांना काही काम नाही, आणि दिवस मोजायचा तो चहा, जेवण आणि गोळ्यांच्या वेळांवर. राज्याने १९९५ साली मातोश्री वृद्धाश्रमांची योजना काढली, २००७ च्या केंद्रीय कायद्यानेही जिल्ह्याला एक वृद्धाश्रम, १५० जणांची सोय, असं सांगितलं. ज्याला कोणीच नाही त्याच्यासाठी ते हवेतच. ज्याला मुलं आहेत पण हात नाहीत, त्याचं दुखणं त्याने सुटत नाही.

म्हाताऱ्यांच्या हातांना काम देणारा एक आफ्रिकी प्रयोग सांगण्यासारखा आहे. झिम्बाब्वेत मनोविकारतज्ज्ञ मूठभर. २००६ साली डिक्सन चिबांडा या डॉक्टरांनी हरारेच्या म्बारे वस्तीत चौदा आजीबाईंना हाताशी धरलं. दवाखान्याच्या आवारात झाडाखाली लाकडी बाक टाकला. उदास, खचलेली माणसं तिथे येऊन बसतात. आजी ऐकून घेते आणि ठरवून दिलेल्या पद्धतीने अडचण एकेक पायरीने सोडवायला मदत करते. हा ‘मैत्रीचा बाक’ उपयोगी पडतो का, याची रीतसर चाचणी झाली. २०१६ साली अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात तिचे निष्कर्ष आले आणि आजीबाईंच्या बाकावर बसलेले रुग्ण नेहमीच्या उपचारांवरच्या रुग्णांपेक्षा लक्षणीय बरे आढळले.

आपल्या गावांत बाक नाही, पण बसायच्या जागा आहेत : गुरुदेव सेवा मंडळाची सायंप्रार्थना, भजनी मंडळ, ज्येष्ठ नागरिक संघ, बचत गटाची बैठक. त्यांना एक जोड द्यायला हवी. गावातल्या दोन-तीन बायांना, आणि बाप्यांनाही, अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं करण्याचं शिक्षण द्यावं आणि त्याचा मोबदला द्यावा. हे काम दिसतं तेवढं सोपं नाही. दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाही तर माकडहाडावर आणि टाचांवर लाल चट्टे उठतात, आणि तो चट्टा फुटला की महिनोन्‌महिने भरत नाही. भरवताना डोकं उचलून धरावं लागतं, नाही तर घास श्वासनलिकेत जातो. वर्धा शहराच्या एका बाजूला सेवाग्राम, दुसऱ्या बाजूला सावंगी, अशी दोन मोठी वैद्यकीय महाविद्यालयं असलेल्या जिल्ह्यात हे शिकवायला माणसं मिळणार नाहीत, असं कोणी म्हणू शकत नाही. सेवाग्रामने तर १९८० च्या दशकात गावकऱ्यांकडून ज्वारी घेऊन आरोग्य विमा चालवून दाखवला होता. ज्वारीवर विमा चालतो, तर घरपोच शुश्रूषाही चालेल.

तोवर आईला कुठे ठेवायचं, हा प्रश्न पापपुण्यावर तोलू नका. तिथे तिला बोलायला माणूस आहे का, हातांना काम आहे का, अंथरुणाला खिळली तर कूस बदलणारं कोणी आहे का, हे तीन प्रश्न वृद्धाश्रमालाही विचारा आणि स्वतःच्या घरालाही.

प्रश्न ४ : मुलगा म्हणतो, घर आणि पाच एकर वावर माझ्या नावावर करून द्या, मी तुम्हाला शेवटपर्यंत सांभाळतो. करून देऊ का?
— एक वाचक, सेलू

उत्तर : मुलगा गुणी असेल, आहेच असं धरू. तरीही हयातीत सगळं देऊन मोकळे होऊ नका.

मुलाला किंवा मुलीला राहतं घर आणि शेतजमीन बक्षीस देताना महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क अवघं २०० रुपये लागतं. त्यामुळे बक्षीसपत्र करणं स्वस्त झालं आहे, आणि स्वस्त काम घाईने होतं. बक्षीसपत्र नोंदलं की मालकी त्याच दिवशी जाते. मृत्युपत्राचं तसं नाही. ते तुमच्या मागे अमलात येतं आणि जिवंतपणी केव्हाही बदलता येतं. सातबाऱ्यावरचं नाव गेलं की बापाच्या नावचे पीएम किसान आणि नमो शेतकरीचे हप्तेही थांबतात. वर्षाचे ते १२,००० रुपये कित्येक म्हाताऱ्यांच्या गोळ्यांचा खर्च आहेत.

द्यायचंच असेल तर २००७ चा आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायदा लक्षात ठेवा. त्याचं कलम २३ असं आहे : देखभाल करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने देखभाल केली नाही, तर ते हस्तांतरण रद्द ठरवता येतं. अट कागदावर असली पाहिजे, ही इथली मेख. अट होती हे दाखवावं लागतं, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये म्हटलं. जानेवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने हा कायदा ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे वाचावा असं सांगून एका आईचं बक्षीसपत्र रद्द केलं. तिथेही मुलाने सांभाळायचं लिहून दिलं होतं. तेव्हा तोंडी कबुलीवर राहू नका. ‘शेवटपर्यंत अन्न, वस्त्र, औषधोपचार आणि या घरात राहण्याचा हक्क’ हे शब्द बक्षीसपत्रातच घाला.

मुलं बघत नसतील तर उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे साध्या अर्जाने निर्वाह मागता येतो. वकील लागत नाही. कायद्यातली कमाल रक्कम महिन्याला १०,००० रुपये आहे. अर्ज मुलीवरही करता येतो आणि सज्ञान नातवंडांवरही. सून या यादीत नाही. सासूला आंघोळ घालण्याचं, सासऱ्याचं पथ्य सांभाळण्याचं काम जी करते तिचं नाव कायद्यात नाही आणि बहुतेक घरांच्या सातबाऱ्यावरही नाही. तुम्ही मृत्युपत्र करणार असाल तर याचा विचार करा.

आफ्रिकेतही हीच वाट चालली आहे. १९८१ साली नैरोबीत स्वीकारलेल्या आफ्रिकी मानवी हक्क सनदेने आई-वडिलांचा मान राखणं आणि गरज पडल्यास त्यांना पोसणं हे माणसाचं कर्तव्य म्हणून नोंदवलं. ते पुरेना, म्हणून २०१६ साली वृद्धांच्या हक्कांचा वेगळा करार अदिस अबाबात झाला. तो लागू व्हायला पंधरा देशांची मंजुरी हवी होती, ती गोळा होऊन करार लागू व्हायला २०२४ चा नोव्हेंबर उजाडला. जे घराघरांत आपोआप होत होतं ते असं वेगळं लिहून घ्यायची पाळी आपल्यावर २००७ साली आली, त्यांच्यावर थोडी पुढे.

माझं मत विचाराल तर म्हातारपणाच्या गरजा या क्रमाने धराव्यात : स्वतःच्या नावावर घर, स्वतःच्या खात्यात थोडे पैसे, जवळपास एक शिकलेला हात, आणि मग कायदा. मुलांची माया या सगळ्यासोबत असतेच. तिच्यावर या चारही गोष्टींचा भार टाकला की ती वाकते.

सेलूच्या वाचकांनी वावर नावावर ठेवावं, मुलाला कसायला द्यावं, आणि घराचं मृत्युपत्र करून त्यात सुनेचा वाटा लिहावा. सत्तरी ओलांडली असेल तर पाच लाखांपर्यंतच्या उपचारांसाठी आयुष्मान वय वंदना कार्ड काढून घ्यावं. त्याला उत्पन्नाची अट नाही. आणि ज्यांच्या शेजारी एकटं म्हातारं माणूस राहतं अशा प्रत्येक वाचकाने ज्येष्ठांच्या मदतीचा १४५६७ हा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून त्यांच्या भिंतीवर लावावा. तो सकाळी आठ ते रात्री आठ चालतो. रात्री आठनंतरचा क्रमांक तुमचा स्वतःचा असू द्या.